गाडी किती देते?

आपल्याकडे मोटार नुसती चालत नाही, ती 'देते'. दारात नवी मोटार उभी राहिली की पाहुणे पेढा तोंडात टाकतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "किती देते?" जनावरांच्या बाजारात म्हशीबद्दल हाच प्रश्न विचारतात आणि उत्तरही तितक्याच प्रामाणिकपणे मिळते. फरक इतकाच, की म्हशीच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी सकाळी बादली खरे बोलते. मोटारीला बादली नाही.

त्यातून ती मोटार म्हणजे चारही चाकांना जोर असलेली जुनी डिझेलची जीप असेल, तर मालक 'देते' म्हणतो आणि घरातली मंडळी 'खाते' म्हणतात.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात अशा जिपा अजून टिकून आहेत. गावाचे नाव २०२३ साली बदलले, पाटीवरचे एमएच २० तसेच राहिले आणि जिपांचा आवाजही. आमच्या गल्लीत दोन. एक शेजारच्या अण्णांची एमएम ५४०, दुसरी समोरच्या वकीलसाहेबांची कमांडर. दोघींच्या पोटात इंजिन एकाच घराण्याचे, फ्रान्सच्या प्यूजोच्या रचनेचे, २११२ सीसीचे. म्हणजे सख्ख्या बहिणीच. भांडत मात्र त्यांचे मालक, आणि तेही जावा-जावांसारखे.

"तुमची किती देते हो अण्णा?"

"बारा. तुमची?"

"सोळा! घाटात सुद्धा!"

हे असेच चालायचे. पण एका रविवारी अण्णांचा मुलगा पुण्याहून आला आणि प्रकरण गंभीर झाले. खाजगी गाडीची पहिली पंधरा वर्षे सरली की पुढे दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी करावी लागते, आणि अण्णांच्या जिपेची ती पाळी पुन्हा आली होती. मुलगा म्हणाला, "अण्णा, पेन्शन तुमची आणि जेवते ही! लिटरला दहाच्या खाली असेल तर सरळ विकून टाकू. दहा देत असेल तर कागदपत्रं मी करून देतो. पुन्हा विषय काढणार नाही."

अण्णा गप्प बसले. बारा म्हणणारा माणूस दहाला गप्प बसतो, तेव्हा काय समजायचे ते गल्ली समजली. काकू आतून एवढेच म्हणाल्या, "घाटीतून घरी आणलं तेव्हा याच जिपेत रडत होता मेला." पण हा पुरावा अॅव्हरेजच्या मुद्द्यावर ग्राह्य नव्हता.

मोजणी करायचे ठरले. दोन्ही गाड्यांची, एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर. पंच म्हणून माझी निवड झाली, कारण गल्लीत स्वतःची मोटार नसलेला मी एकटाच.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढे? किलोमीटर भागिले लिटर, चौथीतले गणित! पण चौथीत भाजक नीट दिलेला असतो. इथे तो डिझेलच्या फेसात असतो. टाकी काठोकाठ भरायची, गाडी चालवायची, पुन्हा काठोकाठ भरायची आणि दुसऱ्यांदा जितके बसले तितके खाल्ले असे धरायचे, ही झाली पद्धत. पण नळी 'टक्' करून बंद पडते ती पुष्कळदा फेसाला फसून. फेस बसू द्यावा तर आणखी लिटरभर आत जाते. पंपावरची जमीन एका अंगाला उतरती असेल तर टाकीतली हवा कोपऱ्यात दडून बसते. शिवाय डिझेल उन्हाने फुगते. चाळीस लिटर डिझेल वीस अंशांनी तापले तर अर्ध्या लिटरहून जास्तच वाढते, आणि आमच्या मे महिन्यात तर माणसेही फुगतात. म्हणून पंप तोच, नळी तीच, गाडीचे तोंड त्याच दिशेला आणि वेळ उन्हे चढण्याआधीची, असे नियम मी केले. पहाटे पाऊण तास आम्ही फेस बसण्याची वाट पाहत उभे होतो. पंपावरचा पोरगा शेवटी म्हणाला, "साब, डिझेल भरना है या तोलना है?"

पुण्याला वेताळ टेकडीवर एआरएआय नावाची संस्था आहे, १९६६ सालची. तिथे गाडी रुळांवर चढवतात, चाके जागच्या जागी फिरवतात आणि नळकांड्यातून निघालेला धूर तपासून तिने किती इंधन जाळले हे काढतात. गाडी जागची हलत नाही आणि अॅव्हरेज निघते. पुण्यातच जमणारी ही गोष्ट. आमच्याकडे रस्त्यावर दौलताबादचा जुना दरवाजा लागतो, त्यात बस अडकलेली असते, खुलताबादच्या अलीकडे घाट लागतो आणि मध्येच शेळ्या लागतात. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी याच दौलताबादला हलवली. आधी बैलांच्या चाऱ्याचा असा हिशेब मांडला असता तर एवढा उपद्व्याप त्याने केला नसता. खरे सांगायचे तर अॅव्हरेज आमच्या गावात एकाच यंत्राला जमले, ते म्हणजे पाणचक्की. डोंगरातून नळाने आलेल्या पाण्यावर जाते फिरायचे. भागायला खाली काही नाहीच!

असो. क्रांती चौकातून कन्नड आणि परत, असा रस्ता ठरला. वकीलसाहेब प्रत्येक उताराला गाडी न्यूट्रलमध्ये टाकत होते. त्याने ब्रेक तापतात, आणि फायदा होतो म्हणावे तर तोही नाही. गिअरमध्ये ठेवून पाय काढला की डिझेलचा पंप इंजिनाला जवळजवळ उपाशी ठेवतो. न्यूट्रलमध्ये मात्र ते आपले थोडेथोडे पीतच राहते. पण वकिलाला उताराला कोण थांबवणार!

परत आलो, फेस बसला, आकडे आले. अण्णांचा मीटर ११२ किलोमीटर दाखवत होता आणि डिझेल बसले ११.९ लिटर. भागाकार ९.४. अण्णांनी जिपेच्या बॉनेटवर हात ठेवला आणि मुलाने मोबाईल खिशात ठेवला.

पण मी जाताना कोपऱ्यातल्या सीटवर बसून रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजले होते. ते जाऊन-येऊन १२० होते. वकीलसाहेबांचा मीटर मात्र १२२ म्हणत होता. दगड खोटे बोलत नाहीत. मग शिंप्याचा टेप आणून चाके मोजली. अण्णांनी मूळच्या अठ्ठावीस इंची चाकांच्या जागी कधीतरी तीस इंची चाके बसवली होती. मोठे चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापते, आणि मीटर बिचारा फेरेच मोजतो. ११२ ला तीसने गुणून अठ्ठावीसने भागले की बरोबर १२० येतात. आणि १२० भागिले ११.९ म्हणजे १०.०८.

वकीलसाहेबांचे टायर झिजून गुळगुळीत. त्यांना बसले १०.२ लिटर, म्हणजे दगडांच्या हिशेबाने ११.७६. सोळातले सव्वाचार गेले.

मुलगा म्हणाला, "पण काका, आठ शतांशावर निकाल? फेसात त्याहून जास्त चूक निघेल." मुद्दा खरा होता. एवढ्याशा प्रवासात एक लिटर इकडेतिकडे झाले की आकडा एकाने हलतो. खरी मोजणी हजार किलोमीटरची, पाच-सहा वेळा टाकी भरून.

तेव्हा वकीलसाहेब पुढे आले. सव्वाचार हरलेला माणूस! त्यांनी माझ्या वहीवर साक्षीदार म्हणून सही ठोकली आणि म्हणाले, "संशयाचा फायदा आरोपीला. जीप निर्दोष!" मुलगा हसला. आरटीओचे कागद त्याने त्याच आठवड्यात केले.

आता अण्णांना कुणी विचारले, "किती देते?" की ते मोठ्या अभिमानाने सांगतात, "दहा पूर्णांक आठ शतांश." ऐकणारा मान डोलावतो, मनातल्या मनात तीन वजा करतो आणि म्हणतो, "म्हणजे सात."

वकीलसाहेबांची अजून सोळा देते. त्यांचे मात्र सगळ्यांना पटते.