कळकलेलें ताक

आमच्या आष्टी गांवांत कल्हईवाल्याचा भाता सुरू झाला, कीं आम्ही मुलें त्याच्याभोंवतीं कोंडाळें करून बसत असूं. तापलेल्या पातेल्यांतून नवसागराचा धूर उठे, कथील विरघळे, आणि कापसाच्या बोळ्यानें तें भांडें क्षणार्धांत रुप्यासारखें लखलखूं लागे. एके वर्षीं तो आलाच नाहीं. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यांत ताक राहिलें व हिरवट झालें. "कळकलें ग बाई!" असें म्हणून आजीनें तें सारें उकिरड्यावर ओतलें. कढीस मुकलों म्हणून आम्ही तिच्यावर दिवसभर रुसलों होतों.

आजीचें बरोबर होतें, हें कळावयास आम्हांस रसायनशास्त्राचीं पुस्तकें हातीं यावीं लागलीं. तांबें शरीरास हवेंच असतें. पण तें मोकाट सुटतां कामा नये. पेशींत हायड्रोजन पेरॉक्साइड नांवाचें द्रव्य सतत निर्माण होत असतें. मोकळ्या तांब्याशीं त्याची गांठ पडली, कीं प्राणवायूचे अत्यंत दाहक कण उत्पन्न होतात व पेशींतील स्निग्ध पदार्थांवर, प्रथिनांवर तुटून पडतात. याकरितां यकृतांत मेटॅलोथायोनीन नांवाचें एक चिमुकलें प्रथिन पहारा देत असतें. त्याचा शोध १९५७ सालीं घोड्याच्या मूत्रपिंडांत लागला. जेमतेम साठेक दुव्यांची ती सांखळी. पण त्यांतील २० दुवे गंधकयुक्त, आणि गंधकास तांब्याची भारी ओढ! तें तांब्यास कवेंत घेऊन निरुपद्रवी करतें. पोटांतली कल्हईच म्हणा ना!

परंतु या पहाऱ्यासही मर्यादा आहे. तान्ह्या बाळाच्या यकृतांत जन्मतःच तांब्याचा सांठा बराच असतो, आणि पित्तावाटे तें बाहेर टाकण्याची शक्ति अपुरी. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनीं इंग्लंडांतील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह १९८३ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. यकृत कठीण होऊन दगावणाऱ्या अनेक बालकांस फार लवकर वरचें दूध सुरू झालें होतें, व तें बिनकल्हईच्या तांब्यापितळेच्या भांड्यांत तापवून ठेवलेलें असे, असें त्यांस आढळलें. दुधांतील केसीन हेंही तांबें धरून ठेवणारें प्रथिन. बाळाच्या पोषणासाठीं असलेलें तेंच विष वाहून आणी. हा रोग सर्वच बाळांस होत नसे; कांहीं आनुवंशिक कारणही असावें. पुढें घरोघरचीं भांडीं बदललीं, आणि तो विरळा झाला.

आतां आमच्या घरीं ताक स्टीलच्या पातेल्यांत असतें. आजीचें पितळी पातेलें माळ्यावर पडून आहे. गेल्या दिवाळींत तें उतरवून पाहिलें, तों तळाशीं कल्हईचा एवढासा पांढरा ठिपका अजून शिल्लक होता.