आधी मालकाला सांगायचं

जुन्या कॉर्व्हेटच्या चासीला गंज नेमका कुठे धरतो, हे मी आज कुणालाही नीट समजावून सांगू शकतो. हे शहाणपण मला पदवीने दिलेलं नाही. डेट्रॉइटच्या उपनगरात आमच्यापासून चार घरं सोडून एक निवृत्त वेल्डर राहायचे, त्यांनी ते दिलं. त्यांची सगळी हयात मोटारींच्या कारखान्यात गेली होती. मी त्यांना कायम ‘सर’ म्हणालो. नावाने हाक मार, असं ते सांगत, पण वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने बोलवायला माझी जीभ वळत नसे. घरी आम्ही त्यांना वेल्डरकाका म्हणायचो. आता ते नाहीत. त्यांच्याकडून मी काय घेतलं, हे एकदा नीट लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

गंज मला नवा नव्हता. मी रत्नागिरीत, खाऱ्या वाऱ्यावरच्या घरात वाढलो. खिडक्यांचे गज आणि फाटकाच्या बिजागऱ्या खरवडून पुन्हा रंगवणं हे आमच्याकडचं नेहमीचं काम. पण कोकणातला गंज डोळ्यांसमोर असतो. मिशिगनमध्ये समुद्र नाही, मीठ मात्र भरपूर आहे. खुद्द डेट्रॉइट शहराखाली, सुमारे साडेतीनशे मीटर खोल, मिठाची खाण आहे. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते पाण्यात मिसळून चाकांनी उडतं आणि गाडीच्या पोटाला चिकटतं. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे लोखंड गंजण्याची क्रिया झपाट्याने होते. हवा दमट असली की मीठ ओल धरूनही ठेवतं. म्हणजे रस्ता कोरडा झाला तरी गाडीच्या सांधीकोपऱ्यांतलं काम चालूच राहतं.

मला हवी होती 1972 सालची कॉर्व्हेट. पुढे-मागे दोन्हीकडे क्रोमचे बंपर असलेलं ते शेवटचं वर्ष. 1973 मध्ये पुढचा क्रोम गेला, पुढच्या वर्षी मागचाही. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो, तिथे या गाड्या रांगेने जाताना पाहिल्या आणि एक आपल्या दारात असावी, असं मनाने घेतलं. लांब नाक, चाकांवर फुगलेले खांदे, काढून ठेवता येणारे छताचे दोन तुकडे. कुणाचंही मन जावं अशी गाडी.

या गाडीचं अंग पत्र्याचं नाही. 1953 साली पहिली कॉर्व्हेट निघाली तेव्हापासून तिची बॉडी फायबरग्लासची आहे आणि फायबरग्लास गंजत नाही. त्यामुळे पन्नास वर्षांची गाडीसुद्धा नुसत्या रंगाने नव्यासारखी झळाळते. तिच्याखालची चासी मात्र पोलादी असते. दुसऱ्या गाडीचा पत्रा सडला की फोड येतात, भोकं पडतात, पाहणारा सावध होतो. इथे तशी सूचनाच मिळत नाही. मी गाडी शोधतो आहे हे कळल्यावर वेल्डरकाका म्हणाले, “मी येतो. पण माझी एक अट आहे. मालकाला विचारल्याशिवाय हातोडी लावायची नाही, आणि जे सापडेल ते आधी मालकाला सांगायचं.”

त्यांच्या पिशवीत टॉर्च, लहान हातोडी, बोथट स्क्रूड्रायव्हर, लोहचुंबक आणि छोटा आरसा असे. बरोबर जॅक आणि स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली ते स्वतः जात नसत आणि मलाही जाऊ देत नसत.

त्यांची पाहणी गाडीच्या मागच्या अर्ध्यापासून सुरू व्हायची. या चासीच्या दोन्ही बाजूंना पोलादाच्या बंद पेटीसारख्या लांब तुळया असतात. दारांखालून जाणारी तुळई मागच्या चाकाच्या अलीकडे वर वळते, आणि त्या वळणापाशीच मागचं चाक धरून ठेवणाऱ्या ट्रेलिंग आर्मचा खोबणीसारखा कप्पा असतो. चाकाने उडवलेला चिखल आणि खारं पाणी तिथे जाऊन बसतं. तुळई आतून सडते, बाहेरचा काळा रंग तसाच राहतो. काका तिच्या भोकांतून बोट घालून आतला गाळ काढत. नुसती माती आली तर ठीक. पापुद्रे आले की ते माझ्या तळहातावर ठेवत आणि म्हणत, “ही चासी आहे.” मूळ लोखंडापेक्षा त्याचा गंज कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून तो पापुद्र्यांनी सुटतो आणि जोड फुगवतो.

मग हातोडी. निरोगी पोलाद टणकन वाजतं, सडलेलं भद्द आवाज करतं. दहा जागी वाजवून अकराव्या जागी आवाज बदलला की ते थांबत आणि मला पुन्हा वाजवायला लावत. तो फरक सांगून कळत नाही, कानाला सवय लागावी लागते. जिथे चुंबक धरत नसे तिथे लांबी भरून वरून रंग दिलेला असे. नुकतंच जाड काळं अंडरकोटिंग मारलेलं दिसलं की ते जास्त वेळ गाडीखाली राहत.

दुसरी जागा माझ्या ध्यानात कधीच आली नसती. समोरच्या काचेभोवती आणि दारांच्या बिजागऱ्यांना धरून फायबरग्लासच्या आत एक पोलादी चौकट असते. तिला इथे बर्डकेज म्हणतात. काचेच्या कोपऱ्यातून पाणी झिरपलं की ते खांबातून उतरत चालकाच्या पायांजवळ, बॉडी चासीवर टेकते त्या जागी साठतं. काका पायांजवळचं झाकण काढायला लावून आरशाने तिथे बघत. चासी खराब असेल तर बॉडी उचलून ती बदलता तरी येते. ही चौकट सडली तर काम फार अवघड, कारण फायबरग्लासचे भाग तिला चिकटवलेले असतात. शेवटी ते दार आणि बॉडी यांच्यातली फट पाहून ठेवत आणि गाडी उचलल्यावर ती बदलते का ते बघत. बदलली तर सांगाड्यात ताकद उरलेली नाही.

ईरी सरोवराजवळच्या एका गावात आम्ही एक लाल गाडी पाहायला गेलो. पती वारल्यावर एक बाई ती विकत होत्या. इंजिन लख्ख, आतली कातडी आसनं जशीच्या तशी. काकांनी परवानगी मागितली, गाडी स्टँडवर घेतली आणि बराच वेळ खालीच राहिले. ट्रेलिंग आर्मच्या कप्प्याजवळ हातोडी भद्द वाजली. स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो आत गेला. कळायला पुरे झालं तेवढ्यावर त्यांनी हात थांबवला, आणखी उकरलं नाही.

ते बाहेर आले, हात पुसले आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता आधी त्या बाईंकडे गेले. त्यांच्यासाठी खुर्ची आणली, टॉर्च त्यांच्या हातात दिला आणि वाकल्यावर दिसेल अशी जागा दाखवली. म्हणाले, “ही चासी बदलेपर्यंत गाडी कुणीही चालवू नये, तुमच्या घरच्यांनीसुद्धा. पण ही भंगार नाही. इंजिनवरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळतो. इंजिन, गिअरबॉक्स, काचा, आसनं, सगळ्याला किंमत आहे. जाहिरातीत चासी सडली आहे असं स्पष्ट लिहा, आणि भंगाराच्या भावात मागणाऱ्याला देऊ नका.” बाईंनी विचारलं, “माझ्या नवऱ्याला हे माहीत असेल का?” काका म्हणाले, “ते मला सांगता येणार नाही. गाडी मात्र प्रेमाने सांभाळलेली आहे, एवढं मला दिसतं.” खोटा दिलासा न देता इतकं मऊ बोललेलं मी क्वचितच ऐकलं आहे.

परतताना मी त्यांना विचारलं, की सौदा करायचाच नव्हता, तर इतकं सविस्तर सांगायचं कशासाठी? त्यांनी उत्तर दिलं, “सापडलेला गंज मालकाचा. आपण गप्प बसलो तर तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात जातो, आणि एखाद्या दिवशी वेगात असताना मागचं चाक जागा सोडतं.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “आणि सांगायचं तर दाखवून सांगायचं. नुसत्या शब्दावर माणसाने का विश्वास ठेवावा?”

पुढे मला गाडी मिळाली. तिची चासी त्यांनी टोकापासून टोकापर्यंत वाजवली आणि “घे” म्हणाले. पैशांचा विषय मी काढला की ते हातोडी पिशवीत टाकून चालू लागत. आमच्याकडे जेवायला मात्र आनंदाने येत आणि आमटी दोनदा मागून घेत.

आज इथल्या महाराष्ट्र मंडळातली नवी मुलं जुनी गाडी घेताना मला बोलावतात. ती बहुधा साधी सेकंडहँड गाडी असते, पण मीठ सगळ्यांना सारखंच लागतं. मी परवानगी मागतो, खाली जातो, आणि सापडलेलं आधी विकणाऱ्याला दाखवतो. कधीकधी मुलांना ते आवडत नाही. भाव पाडायची संधी गेली, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. तरी मी तसंच करतो. माझ्या कामातही, चाचणीत एखादा भाग मोडला की बैठकीत सगळ्यांसमोर जाहीर करण्याआधी तो ज्याने डिझाइन केला त्याच्या टेबलावर नेऊन ठेवतो. त्याने माझ्यावर चिडावं, प्रश्न विचारावेत, पण दोष आपल्या डोळ्यांनी पाहावा.

वेल्डरकाकांनी मला गंज ओळखायला शिकवलं, हे ऋण मोठंच आहे. पण गंज शोधायला आता कॅमेरे आहेत, यंत्रं आहेत, उद्या आणखी चांगली येतील. दुसऱ्याच्या वस्तूतला दोष सापडल्यावर त्या माणसाशी कसं वागायचं, हे मात्र मला त्यांच्याशिवाय कुणी दाखवलं नसतं. माझ्या मुलीला मी सध्या हातोडीचा आवाज ओळखायला शिकवतो आहे. त्यांची अट तिला त्याच्याही आधी सांगितली आहे.