शेजारच्या घरात तुमचा आजार माहीत आहे का?

एक मेसेज तुमच्याही मोबाइलवर कधी ना कधी आला असेल. तुम्ही एकटे आहात, अचानक छातीत दुखू लागतं, मदतीला कुणी नाही. अशा वेळी जोरजोरात खोकत राहा, म्हणजे तुमचा जीव तुम्हीच वाचवाल, असं त्यात लिहिलेलं असतं. दर काही महिन्यांनी एखादा पेशंट मोबाइल पुढे धरून विचारतो, "डॉक्टर, हे खरं आहे का हो?"

नाही, खरं नाही. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, ती खोकल्याने सुटत नाही. आणि हृदय बंदच पडलं, तर माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. मग खोकणार कोण? कॅथलॅबमध्ये मॉनिटर लावलेल्या पेशंटला डॉक्टर क्वचित खोकायला सांगतात, पण ते तिथे आणि काही क्षणांपुरतंच.

घरी एकटे असताना छातीत दुखू लागलं, तर 108 ला फोन करा. दाराची कडी काढून ठेवा, शेजाऱ्यांना हाक मारा आणि बसून राहा. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर 300 मिलिग्रॅमची गोळी चावून खा. स्वतः गाडी चालवत हॉस्पिटल गाठायचं धाडस करू नका.

हा मेसेज इतकी वर्षं फिरतो आहे, त्याचं कारण मला वाटतं असं की, तो आपल्याला हवं तेच सांगतो: कुणाची गरज नाही, तुम्ही एकटे पुरेसे आहात. अडचण अशी, की अनेक आजार नेमकी तीच शक्ती आधी काढून घेतात, जिच्या भरवशावर आपण एकटे राहतो. पक्षाघातात बोलणं जातं, हात उचलत नाही. फिट आली की शुद्ध जाते. आणि शुगर एकदम उतरली की आपल्याला साखर हवी आहे, हेच सुचत नाही.

माझे एक पेशंट होते. साठी ओलांडलेली, पत्नी गेलेल्या, मुलगी परदेशात. अतिशय व्यवस्थित माणूस. उशाशी ग्लुकोमीटर, साखरेचा डबा, टॉर्च, सगळ्या गोळ्या वारांप्रमाणे लावलेल्या. एका रात्री इन्सुलिन घेतलं आणि जेवण फारसं गेलं नाही. सकाळी नऊ वाजले तरी दुधाची पिशवी दाराला तशीच लटकलेली पाहून समोरच्या वहिनींनी बेल वाजवली. शेवटी कुलूप तोडावं लागलं. साखरेचा डबा हाताच्या अंतरावर होता. ते वाचले, पण हा माणूस इन्सुलिन घेतो, हे त्या मजल्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "उगाच कशाला कुणाला त्रास द्यायचा?"

हे वाक्य मी रोज ऐकतो. आपण आजार लपवतो. मधुमेह एक वेळ सांगतो, फिट येते हे तर लग्न ठरेपर्यंत आणि नंतरही सांगत नाही. लपवलेल्या आजारात शेजारी कितीही चांगला असला तरी काही करू शकत नाही.

एका माणसावर आलेल्या संकटात जे घडतं, तेच गावावर आलेल्या संकटात मोठ्या प्रमाणावर घडतं. ऑगस्ट 2019 आठवा. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि कृष्णा 57 फुटांवर गेली. कोल्हापूरजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. अशा वेळी ज्यांचं डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा असतं, जे विजेवर चालणाऱ्या ऑक्सिजन मशीनवर असतात, ज्यांचे दिवस भरत आलेले असतात, त्यांना घरात भरलेल्या किराण्याचा काय उपयोग? अंथरुणाला खिळलेल्या आजींना जिन्यावरून उतरवायला चार माणसं लागतात. ती चार माणसं पाणी पायरीला लागल्यावर शोधायची नसतात. 1995 मध्ये जपानमधल्या कोबे शहरात भूकंप झाला, तेव्हाही ढिगाऱ्याखालून बाहेर काढलेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं होतं. बचाव पथकं येतात, पण पहिले काही तास आपले आपल्यालाच काढावे लागतात.

सीपीआरचंही तसंच. हृदय बंद पडल्यावर सीपीआर सुरू होईपर्यंतच्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. मिनिटाला 100 ते 120 वेळा छाती दाबायची, तीही किमान पाच सेंटिमीटर खोल. दोन मिनिटांत धडधाकट माणूस दमतो, म्हणून माणूस बदलावा लागतो. एका इमारतीत एकालाच सीपीआर येऊन भागत नाही.

म्हणून माझं सांगणं आहे, दहा घरांचा गट करा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला मी गट म्हणत नाही. वीज आणि टॉवर गेले की तो ग्रुपही जातो. एवढं करा:

1. एका कागदावर यादी करा: कोण एकटं राहतं, कुणाला इन्सुलिन, डायलिसिस किंवा ऑक्सिजन लागतो, कुणाला उचलून न्यावं लागेल, नातेवाइकांचे फोन. ज्यांची संमती असेल त्यांचीच नावं घ्या आणि यादी दोन विश्वासू घरांत ठेवा.

2. एकट्या राहणाऱ्यांनी एक किल्ली शेजारी द्यावी. रोज सकाळी कुणी हाक मारायची, हे ठरवून घ्यावं.

3. किमान चार-पाच जणांनी सीपीआर शिकावं.

4. शुगर उतरलेला माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, हे प्रत्येकाला माहीत हवं.

5. वीज गेली तर इन्सुलिन कोरड्या डबीत घालून माठात किंवा ओल्या कपड्यात गुंडाळलेल्या मडक्यात ठेवावं. बर्फाला चिकटवून ठेवू नये, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

6. मे महिन्यात, पावसाच्या आधी, एकदा सगळ्यांनी बसून यादी तपासावी.

याचा अर्थ स्वतःची तयारी नको, असा नाही. निदान दोन आठवड्यांची औषधं, प्रिस्क्रिप्शनची प्रत, टॉर्च, प्यायचं पाणी हे प्रत्येक घरात हवंच. गटात सगळेच रिकाम्या हाताने आले तर गट कुणाच्याच कामाचा नाही. पण तुमच्या गोळ्या कुठल्या कप्प्यात आहेत, हे तुमच्याशिवाय आणखी एका माणसाला माहीत असायला हवं.

माझे ते पेशंट आता समोरच्या वहिनींकडे किल्ली ठेवतात. रोज सकाळी दूध आत घेतलं की त्यांच्या दारावर टकटक करतात. वहिनींना त्याचा त्रास होतो का, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "त्रास कसला? आता माझ्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या की तेच आठवण करतात."