बीएडचे रविवार

२००३ साली बीएडला आमचा नंबर लागला तो थेट बुलढाण्याला. आम्ही दोघी सख्ख्या बहिणी, मालेगावच्या. तोवर घराबाहेर एक रात्रही काढलेली नव्हती. मलकापूर सोडून एसटी राजूर घाट चढू लागली, हवा गार झाली आणि आमचा धीर सुटला.

निघताना अब्बांनी दोन अटी घातल्या होत्या. एकटीने कुठे जायचे नाही आणि मगरिबच्या आत खोलीवर यायचे. पहिले काही रविवार कपडे धुण्यात आणि रडण्यात गेले. शेवटी घरमालकीण खाला म्हणाल्या, "बेटा, शहर देखोगे तो दिल लगेगा."

मग आम्ही पायीच गाव पाहू लागलो. भिल्लांचे ठाणे म्हणून भिलठाणा आणि त्यावरून बुलढाणा, हे आम्हाला एका सरांनी सांगितले. हळूहळू धीर आला. पोळी-चटणीचा डबा बांधून आम्ही रविवारी सकाळची एसटी धरू लागलो. सिंदखेडराजाला लखुजी जाधवांचा वाडा पाहिला. जिजाऊंचा जन्म इथला, १५९८ चा. शाळेत ज्यांचे नाव पाठ केले, त्यांच्या माहेरी बसून आम्ही डबा खाल्ला. लोणारला तर काठावर उभे राहून बोलणेच सुचेना. उल्का आदळून काळ्या खडकात पडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आणि तळाशी खारे पाणी! काच आणि साबण बनवायला लागणारे जिन्नस या भागात मिळतात, अशी नोंद 'आईन-ए-अकबरी'त आहे.

हे सारे आम्ही उत्साहाने एसटीडी बूथवरून अब्बांना सांगितले. पलीकडून आवाज चढला, "पढने भेजा है कि घूमने?" पुढचे दोन रविवार आम्ही खोलीतच बसून काढले.

त्याच दिवसांत ग्रंथालयात जिल्ह्याचे जुने गॅझेटियर हाती आले. त्यात मेहकरविषयी लिहिले होते : इथले मोमिन विणकर एके काळी इतके सधन होते, की गावाभोवतीचा तट त्यांनीच बांधला. मोमिनपुऱ्याच्या दरवाज्यावरील लेखात तसा उल्लेख असून साल १४८८ आहे. आम्ही एकमेकींकडे पाहिले. आमचे अब्बाही मोमिन. दुसऱ्याच्या पॉवरलूमवर रात्रपाळी करून त्यांनी आमची फी भरली होती. "बुनकर की बेटियाँ पढ के क्या करेंगी," हे त्यांनी मोहल्ल्यात किती वेळा ऐकून घेतले असेल!

या वेळी आम्ही आधी परवानगी मागितली. अब्बा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "जाओ. क्या लिखा है, पढ के आओ."

चिखलीमार्गे मेहकर गाठले. दरवाज्याखाली मान वर करून आम्ही किती तरी वेळ उभ्या होतो, पण उर्दू वाचणाऱ्या आम्हालाही ती जुनी अक्षरे नीट लागली नाहीत. जवळच्या घरातील एका बुजुर्गांनी "कहाँ के?" म्हणून विचारले. मालेगावच्या मोमिन आहोत म्हटल्यावर त्यांनी चहा पाजल्याशिवाय सोडले नाही. मगरिबच्या आत खोलीवर पोहोचलो आणि फोन लावला. लेख वाचता आला नाही, हे आधी कबूल केले. अब्बांनी एवढेच विचारले, "अपने पैसे से बाँधी थी दीवार?" "हाँ अब्बा." त्यानंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

त्या ईदला घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला अब्बांनी मेहकरची गोष्ट सांगितली. स्वतः न पाहिलेल्या त्या दरवाज्याची उंचीसुद्धा ते हाताने दाखवत!

आज आम्ही दोघीही उर्दू शाळेत शिकवतो. घरातली थोरली मुलगी हैदराबादला शिकते. ती फिरायला निघाली की काळजी आम्हालाही वाटते, अटी आम्हीही घालतो. पण त्यांच्याबरोबर एक प्रश्नही विचारतो, "इस इतवार को क्या पढ के आओगी?"