मालवणचे प्रवाळ व त्यांचा काटेरी शेजारी

मुक्ताईनगर हे आमचे गाव. तापी व पूर्णा यांच्या संगमावरील चांगदेवाचे देवालय येथून जवळच आहे. संत मुक्ताबाईच्या स्थानामुळे पूर्वीच्या एदलाबादला हे नाव प्राप्त झाले. इकडच्या मनुष्यास पाणी म्हणजे नदीचे किंवा विहिरीचे. समुद्र पाहिलाच तर मुंबईस चौपाटीवर, तोही भेळ खाता खाता. अशा गावच्या एका निवृत्त शिक्षकाने गेल्या मार्गशीर्षात भुसावळास गाडी धरावी, पनवेलीस ती बदलून कुडाळास उतरावे आणि तेथून मालवण गाठावे, तेही देवदर्शनाकरिता नव्हे तर पाण्यात डोके घालून दोन जीव पाहण्याकरिता, हे ऐकून पुष्कळांस हसू आले. परंतु या प्रवासास कारण होते. आणि ते सांगावयाचे म्हणजे प्रथम आमच्या ओसरीवरील काचेच्या पेटीची हकीकत सांगितली पाहिजे.

आमचे कुटुंब एकत्र आहे. धाकट्या बंधूंचा नातू नववीत शिकतो. त्यास जलचरांचा मोठा नाद. साधे मासे पाळून झाले, तेव्हा खाऱ्या पाण्याची पेटी करावी व तीत जिवंत प्रवाळ वाढवावे, असा त्याने हट्ट धरला. मुलाच्या जिज्ञासेस उत्तेजन द्यावे, हा माझा जन्मभराचा धंदा. मी निवृत्तिवेतनातून पैसे दिले. मुंबईच्या एका दुकानातून बोटभर उंचीच्या फांद्यांचा एक प्रवाळ व लिंबाएवढा एक काटेरी गोळा, ज्यास इंग्रजीत सी-अर्चिन म्हणतात तो, अशी जोडी घरी आली.

अर्चिन हा इंग्रजीतील जुना शब्द मूळचा एका काटेरी भूचर प्राण्याचा. आपणांस काटे म्हटले की साळू आठवते, आणि साळू हा शब्द संस्कृत ‘शल्यक’ याचा वंशज. म्हणून घरात आम्ही त्या जीवाचे नाव समुद्रसाळू ठेविले. ‘प्रवाळ’ या शब्दाची मौज याहून अधिक आहे. संस्कृतात त्याचे अर्थ दोन : कोवळा अंकुर आणि पोवळे. युरोपातही अठराव्या शतकापर्यंत बहुतेक पंडित प्रवाळास वनस्पतीच समजत. पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने १७२० नंतरच्या दशकात तो प्राणी असल्याचे प्रतिपादन केले. आता हे सिद्ध झाले आहे. तथापि खडक बांधणाऱ्या प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्तीस असते, ते उन्हावर अन्न तयार करून यजमानास देते. तेव्हा आपल्या शब्दातील अंकुरही अगदीच खोटा नव्हे!

या दोघांस एकत्र का ठेवावयाचे? प्रवाळास प्रकाश हवा. परंतु प्रकाशाबरोबर पेटीत हिरवे शेवाळही माजते व ते प्रवाळावर पसरून त्याचा श्वास कोंडते. समुद्रसाळू हे शेवाळ खरवडून खातो. त्याचे तोंड पोटाच्या बाजूस असून त्यात पाच दातांचे एक यंत्रच असते. ग्रीक पंडित अ‍ॅरिस्टॉटल याने त्याचे वर्णन केले, म्हणून त्यास ‘अ‍ॅरिस्टॉटलचा कंदील’ म्हणतात. मात्र हा झाडूवाला जपून ठेवावा लागतो. प्रवाळाचे तुकडे खडकास पक्के चिकटविले नसतील तर तो त्यांस रेटून पाडतो. शेवाळ संपल्यावर वाळविलेले समुद्री शेवाळ खावयास न दिल्यास तो खडकावरील गुलाबी चुनखडी थरही कुरतडतो. पाण्याची क्षारता हजारी पस्तीसच्या आसपास राहावी लागते व तीत एकाएकी फरक पडलेला त्यास सोसत नाही. म्हणून नवा आणलेला जीव पेटीचे पाणी थेंब थेंब मिसळून मगच आत सोडावा लागतो. माशांचे तांबेयुक्त औषध या दोघांनाही विष आहे. पाण्याची उष्णता २५ ते २६ अंश असावी. नातवाने हे सारे वहीत उतरून घेतले होते व दोन महिने तो अक्षरशः त्याप्रमाणे वागला.

परंतु वैशाख खानदेशातला! बाहेर पारा ४५ अंशांच्या घरात. एके दिवशी सायंकाळी वावटळ सुटली, तारा तुटल्या आणि रात्रभर वीज आली नाही. पाणी थंड ठेवणारे व हालविणारे यंत्र बंद पडले. आम्ही पाळीपाळीने हाताने पाणी ढवळले, ओली फडकी लाविली. पहाटे पाहतो तो समुद्रसाळूचे काटे तळाशी गळून पडलेले. या जीवाचे काटे गळू लागले म्हणजे त्याचा शेवट जवळ आला, असे समजावे. प्रवाळ आणखी तीन दिवस होता. त्याचा तपकिरी रंग उतरत गेला व अखेर हाडासारखा पांढरा सांगाडा उरला.

खरा धक्का पुढेच होता. आपले काय चुकले हे शोधताना नातवाच्या वाचनात आले की, भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे ज्यात वाघ आहे त्यातच, २००१ साली खडक बांधणारे सर्व प्रवाळ घालण्यात आले आहेत. आपल्या समुद्रातून ते काढणे, विकणे व विकत घेणे हा अपराध आहे. त्याने ते पान माझ्यापुढे ठेविले व विचारले, “आजोबा, म्हणजे आपण चोरीचा माल घेतला का?”

पस्तीस वर्षे मी मुलांस नागरिकशास्त्र शिकविले. त्या प्रश्नास मला चटकन उत्तर देता आले नाही. तो तुकडा कोणत्या समुद्रातला, हे आम्ही दुकानदारास विचारलेच नव्हते. बंधू म्हणाले, “दादा, झाले ते झाले, सांगाडा नदीत सोडून द्या, उगाच झंझट नको.” मलाही क्षणभर तसेच वाटले. परंतु मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी त्यास बरोबर घेऊन मी वन खात्याच्या कचेरीत गेलो, घडलेली हकीकत लिहून दिली आणि सांगाडा स्वाधीन केला. त्यानंतरच मी त्यास म्हणालो, “आता जेथले ते जीव, तेथे जाऊन त्यांस पाहू.” मालवणच्या प्रवासाचे मूळ हे असे.

मालवणच्या धक्क्यावरून समोरच सिंधुदुर्ग दिसतो. शिवाजीमहाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. भोवती खारा समुद्र असून आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, याचे खानदेशी मनुष्यास विशेष कौतुक वाटते. या परिसरातील समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पावसाळ्यात हे पाणी गढूळ व खवळलेले असते. पाहावयाचे ते हिवाळ्यात.

होडी किल्ल्याच्या तटाबाहेर खडकांपाशी उभी राहिली. मला पोहता येत नाही, हे ऐकून नावाड्याने अंगात तरंगते जाकीट चढविले, डोळ्यांस काच बांधली आणि धरावयास रबरी कडे दिले. “गुरुजी, खाली पाय टाकू नकात,” तो म्हणाला, “काटो आत मोडता.” भीत भीत मी तोंड पाण्यात घातले.

खाली पुरुषभर पाणी. आमच्या पेटीतल्यासारखी नाजूक, शोभिवंत फांदी तेथे दिसली नाही. काही प्रवाळ उपड्या घमेल्यासारखे, काही खडकास लेपासारखे चिकटलेले, काही द्रोणासारखे वळलेले. रंग मातकट, पिवळसर, हिरवट. खडकाच्या भेगांतून काळसर काटेरी गोळे बसले होते व त्यांचे काटे संथपणे हलत होते. जेथे ते होते तेथला खडक स्वच्छ खरवडलेला होता. लहान मासे त्यांच्या काट्यांआड शिरत व पुन्हा बाहेर येत. नातू शेजारीच तरंगत होता. त्याने माझा हात दाबला, तो बराच वेळ सोडला नाही.

रात्री खाणावळीत त्याने विचारले, “समुद्रात हे किती असावेत, ते कोण ठरवितो?” मी त्यास १९८३ सालच्या दोन गोष्टी सांगितल्या. त्या वर्षी पनामाजवळ लांब काट्यांच्या समुद्रसाळूंवर रोग पडला व सुमारे वर्षभरात तो साऱ्या कॅरिबियन समुद्रात पसरला. शेकडा नव्वदांहून अधिक समुद्रसाळू मेले. खरवडणारे गेल्याने अनेक ठिकाणी शेवाळ माजले व प्रवाळ त्याखाली दडपले गेले. त्याच सुमारास पलीकडे, पॅसिफिकमधील गॅलापॅगोस बेटांजवळ, १९८२-८३ च्या एल निनोने पाणी तापून प्रवाळच मेले. तेथे समुद्रसाळू शिल्लक होते. त्यांनी मृत प्रवाळांचे खडक कुरतडून कुरतडून भुगा केला. एकीकडे ते नाहीत म्हणून नाश, दुसरीकडे ते उरले म्हणून नाश. मुलगा विचार करून म्हणाला, “आपल्याकडे तर दोन्ही एका रात्रीत मेले, वीज गेली म्हणून.”

हेच मी वाचकांपुढे ठेवू इच्छितो. काचेच्या पेटीत समुद्राची प्रत्येक गोष्ट, थंडावा, क्षार, लाट, अन्न, आपणांस हाताने पुरवावी लागते, आणि तो पुरवठा एका तारेवर लोंबत असतो. घराघरांतून हल्ली अशा पेट्यांची हौस वाढत आहे. मुलांचा हट्ट मोडू नये. परंतु जीव कोठून आला, तो बाळगण्यास कायद्याची मोकळीक आहे काय आणि आपल्या गावचा उन्हाळा त्यास सोसेल काय, हे तीन प्रश्न पैसे मोजण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी विचारावेत. मी ते विचारले नाहीत, याची खंत मला आहे.

ओसरीवरील पेटी आम्ही मोडली नाही. नातवाने ती धुऊन तीत गोडे पाणी भरले आहे व साधे गप्पी मासे सोडले आहेत. वीज गेली तरी ते तग धरतात. समुद्रसाळूचे रिकामे कवच तेवढे त्याने जपून ठेविले आहे. काटे गळाल्यावर त्यावर पाच पाकळ्यांची रेखीव नक्षी दिसते. आमची सौभाग्यवती ते पाहून एवढेच म्हणाली, “दुसऱ्याच्या अंगणातली तुळस उपटून आणली, ती आपल्या वृंदावनात कशी लागावी?” येत्या हिवाळ्यात तिलाही मालवणास न्यावयाचे ठरले आहे.