पत्त्यातली टेकडी

दिवाळीच्या फराळाचे सामान घाऊक घ्यायचे म्हणून पुण्यातली पुष्कळ कुटुंबे मार्केट यार्डाची वाट धरतात. दुकानदाराच्या पावतीवर पत्ता असतो : ‘मार्केट यार्ड, गुलटेकडी’. यातले ‘मार्केट’ आणि ‘यार्ड’ आपण डोळ्यांनी पाहतो, पायांनी तुडवतो. टेकडीचे मात्र नावच तेवढे वाचतो.

यंदा माझी कन्या बरोबर होती. शाळा इंग्रजी माध्यमाची. त्यामुळे शंकाही इंग्रजीच्या अंगाने आली. “बाबा, टेकडी म्हणजे हिलच ना? मग इथे हिल कुठे आहे?” भुसार विभागात पोत्यांच्या थप्पीशी एक वयस्क हमाल घाम पुशीत उभे होते. त्यांनाच विचारले, “मामा, इथली टेकडी कुठंय हो?” त्यांनी थप्पीवर थाप मारली. “ही काय! रोज चढतोय न् रोज उतरतोय.”

उत्तर थट्टेचे खरे. पण त्या बाजारात भाषेचा एक मोठा धडा मांडून ठेवलेला आहे. कांद्याचा ढीग असतो, धान्याची रास असते, पोत्यांची थप्पी लागते आणि कडब्याची गंज रचतात. ज्याने ज्या वस्तूशी आयुष्य काढले, त्याला तिचे बारकावे दिसतात आणि प्रत्येक बारकाव्याला तो वेगळे नाव देतो.

डोंगराळ मुलखात पिढ्या काढलेल्या मराठी माणसाने जमिनीच्या बाबतीत हेच केले. इंग्रजीचा ‘हिल’ आपल्याकडे आला की त्याला एकच पोशाख पुरत नाही. जमीन जराशी वर आली तर उंचवटा. त्याहून थोडे मोठे, ओबडधोबड ते टेकाड. संध्याकाळी फिरून यावे ती टेकडी. दिवसभराची भाकरी बांधून चढावा तो डोंगर. आणि पर्वत म्हटला की हिमालयच आठवावा. शिवाय सुळका निराळा, कडा निराळा, पठार निराळे. कोकणातल्या माणसाचा कातळाचा सडा तर देशावरच्याला समजावूनच सांगावा लागतो. म्हणींनाही हा विवेक आहे. राईचा पर्वत होतो आणि कर्जाचा डोंगर होतो. पण कर्जाची टेकडी झाल्याचे कोणी ऐकले आहे काय?

संस्कृताने आणखी भर घातली. गिरी, शैल, भूधर, अचल, नग. जो हलत नाही तो अचल, जो जात नाही तो नग. आणि गंमत पाहा, याच यार्डाच्या परिसरात नारळ ‘नगावर’ विकले जातात! हा नग निराळा, हे खरे. पण पर्वत आणि नारळ एकाच उच्चारात सुखाने नांदतात.

साहेबाशी झालेली देवघेव अशीच मौजेची आहे. घाट म्हणजे आपल्या लेखी डोंगर चढून जाण्याची वाट. इंग्रजीने तो शब्द उचलला आणि सगळ्या सह्याद्रीलाच ‘वेस्टर्न घाट्स’ करून टाकले. उलट त्याच्या ‘हिल स्टेशन’चे आपण ‘थंड हवेचे ठिकाण’ केले. माथेरान-महाबळेश्वरची हवा घेतली, ‘हिल’ तिथेच सोडली!

येथवर हे सारे कौतुकाने सांगण्याजोगे. पण नाव उरते आणि वस्तू दिसेनाशी होते, हे काही कौतुकाचे नव्हे. मुंबईच्या डोंगरीत डोंगर शोधू जाणाऱ्याला चाळी आणि दुकाने भेटतात. गुलटेकडीलाही गाळ्यांच्या आणि ट्रकांच्या दाटीत ‘ही पाहा टेकडी’ म्हणून बोट दाखवावे असे सहज काही सापडत नाही.

पुण्याला पर्वती आहे, तळजाई आहे, चतुःशृंगी आहे, वेताळ टेकडी आहे. २०२३ साली वेताळ टेकडीवरून नेण्याच्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याला विरोध करण्यासाठी पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. रोज सकाळी जिच्यावर फिरायला जातो, ती उद्या निव्वळ पत्त्यात राहू नये, एवढेच त्यांचे मागणे होते. नगररचनेच्या कागदावर तिला ‘डोंगरमाथा-डोंगरउतार’ म्हणतात आणि एकास पाच किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला मनाई असते. म्हणजे कोणत्या जमिनीला डोंगर म्हणायचे, हा प्रश्न कोशकारापुरता उरत नाही. त्यावर टेकडीचे मरण-जगणे ठरते.

आणि माणसांचेही. ३० जुलै २०१४ रोजी आपल्याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात, माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. ‘दुःखाचा डोंगर कोसळला’ हा शब्दप्रयोग आपण किती सहज करतो! त्या दिवशी तो शब्दप्रयोग राहिला नाही. ज्याला पूर्वजांनी ‘अचल’ म्हटले, तोही चालून येतो.

म्हणून वाटते, मुलांना टेकडी, टेकाड, डोंगर, सडा, कडा हे शब्द निवांतपणे, शक्यतो त्या त्या जागी उभे करून, शिकवावेत. सगळ्यांना एकच ‘हिल’ म्हणणाऱ्याला त्यांतले एखादे नाहीसे झाले तरी चुकल्यासारखे वाटत नाही. या दिवाळीच्या सुट्टीत फराळाचा डबा घ्या, मुलांना घेऊन जवळची टेकडी चढा आणि माथ्यावर बसून त्यांना विचारा, “आपण कशावर बसलो आहोत?”