पलीकडून

परवा पहाटे वानरांनी नानाजीला पाडलं. छतावरची कुंडी कठड्याला टेकून तिरपी पडलेली, माती अर्धीअधिक सांडलेली, आणि मोडलेल्या डहाळीचा राळेसारखा उग्र वास. उचलायला वाकलो आणि तसाच थांबलो. चार वर्षांत हे झाड इतकं देखणं कधी दिसलं नव्हतं.

नानाजी म्हणजे वीतभर उंचीचा जुनिपर. रोपाला लावलेल्या चिठ्ठीवर शेवटी ‘नाना’ लिहिलं होतं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ बुटका; आमच्याकडे मात्र तो घरातला वडीलधारा होऊन बसला. ज्यानं विकला त्यानं काठीला आवळून खोड ताठ उभं केलं होतं. दोरीचा वळ अजून सालीवर आहे. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. चार वर्षं मीही नानाजीला तसाच ताठ ठेवला, हे सोयीनं विसरून.

माती भरली आणि कुंडीखाली कवेलूचे तुकडे सरकवत बसलो. एका तुकड्यानं झाड नुसतं कंटाळल्यासारखं दिसतं. दोन ठेवले की जिवंत होतं. तिसरा ठेवला की आता पडतं की मग. खोड उजवीकडे झुकलं तर शेंडा मुळांकडे परतायला हवा आणि डावीकडची खालची फांदी लांब हवी, तोल सावरणाऱ्या हातासारखी. जपानी लोक या कललेल्या घडणीला ‘शाकान’ म्हणतात. पण गंमत पुढे आहे. कुंडी पाव वळसा फिरवली की कल गायब! तेच खोड आपल्या अंगावर येतं आणि सरळ, आखूड दिसतं.

आमच्या धुऱ्यावरचा मोह असाच होता. ओसरीवरून पाहिला तर बांधीवर ओणवा. तलावाच्या पाळीवरून पाहिला तर सरळसोट. “आज ना उद्या पडन,” दादा म्हणायचा. आबाजी बिडी विझवत म्हणायचे, “तिकडून पाह्य, सिदा हाये.” मी दोन्हीकडून पाहायचो आणि गप्प राहायचो.

कुठल्या बाजूनं पाहावं, यावरून एक झाड आठवतं. 1625 पासून कुंडीत वाढवलेला एक पाइन हिरोशिमाच्या यामाकी घराण्याकडे होता. 6 ऑगस्ट 1945 ला बॉम्ब पडला तेव्हा तो स्फोटापासून जेमतेम तीन किलोमीटरवर, भिंतीआड होता. 1976 मध्ये त्यांनी तो अमेरिकेला भेट दिला. 2001 मध्ये देणाऱ्याचे नातू ते पाहायला आले, तेव्हा वॉशिंग्टनच्या संग्रहालयाला ही हकिगत कळली. पंचवीस वर्षं लोक त्या झाडासमोर उभे राहून नुसतं ‘सुंदर’ म्हणत होते. मला उगाच वाटतं, त्याची पुढची बाजू कुणी ठरवली असेल?

आबाजी गेल्यावर, वाटणीच्या वर्षी, दादानं मोह तोडला. बुंध्यावर मी बोट फिरवलं होतं. गाभा मधोमध नव्हता, एका कडेला सरकलेला. कललेल्या बाजूला कडी दाटीवाटीची, वरच्या बाजूला रुंद. मोहासारखी झाडं कलली की वरच्या अंगाला जास्त लाकूड भरतात आणि स्वतःला मागे खेचत राहतात. जुनिपर उलटा, खालच्या अंगानं रेटा देतो. म्हणजे मोह इतकी वर्षं स्वतःला ओढून धरत होता. हे दादाला मी कधी सांगितलं नाही. का, कोण जाणे.

मे चालू आहे, पारा पंचेचाळीसकडे. या उन्हात कुंडी बदलायची सोय नाही. खरी तिरपी लागवड फेब्रुवारीत. शेंड्यासाठी तांब्याची तार तणसाच्या जाळात लाल करून ठेवली आहे. निवली की सुतळीसारखी वळते, एकदा वळली की पुन्हा कडक. पण तीही लगेच नाही. जुनिपर मेला तरी कित्येक आठवडे हिरवाच दिसतो. नानाजी आज जगतोय की नाही, हे मला पावसाळ्यात कळेल.

काल दादा आंबे घेऊन आला. हिरव्या जाळीखाली कुंडी पाहून उकिडवा बसला.

“हे पडन ना.”

“तिकडून पाह्य,” मी म्हणालो.

गुडघे धरत तो उठला, वळसा घालून पलीकडे गेला आणि बराच वेळ तिथेच बसला.